काळा करायचा राहिलेला गोल

अगं, अशी उंबऱ्यापलीकडं उभी राहून काय बघतीस? ये की आत! बस अशी जवळ, गुडघ्याला गुडघा लागू दे. किती दिवस झाले गं, फिरकली नाहीस? तुम्हा वाचणाऱ्या माणसांचं हे असंच — दुसऱ्याच्या घरात डोळे घालायचे, पण पाण्याचा तांब्या म्हणून हातात धरायचा नाही. बरं, राहू दे. आज तुला जास्त बोलत नाही. आज बोलणी खायची पाळी माझी आहे.

तुला एक सांगायचंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा कोरेगावच्या बाजारात घोंगड्या विकत विकत म्हातारा झाला आणि गेला, त्याला पत्ता नाही. पोटच्या पोरांना नाही. एका बाईपुढं चार वाक्यं बोलले, आणि मग तिच्या घरच्यांपुढं थोडं, तेही आत्ता, यंदाच्या नागपंचमीला. ते पुढं येईल. पण मुळापासून शेंड्यापर्यंत असं — कुणालाच नाही. आणि इतकी वर्षं तोंडात धरलेली गोष्ट सरळ बाहेर येत नाही गं, वळसे घेत येते. तेव्हा मधेमधे "मग काय झालं, मग काय झालं" करून मला टोचू नकोस.

आधी मी कोण ते सांगते. मी हिराबाई, सगळे हिराक्का म्हणतात. माहेर आटपाडीचं, मेंढरं राखणारं. सासर कोरेगावचं. शाळेत गेले नाही. माझी पोरं पाटीवर गिरवायची, ते बघून मी चुलीपुढं राखेत गिरवलं. पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग वर्तमानपत्र, मग मिळेल ते. त्यामुळं लिहिणंही असंच, बोलल्यासारखं.

माझी एक ख्याती आहे. आमच्यात कुणाची सोयरीक जमायची असली, की माणसं आधी माझ्याकडं येतात. कोण कुणाची आतेबहीण, कुणाची मावशी कुठं दिलेली, कुणाचं नातं आडवं येतंय — सगळं तोंडपाठ. हे मला कुणी शिकवलं? हेळव्यानं. तू हेळवी बघितला नसशील. खाली कर्नाटकाकडून बैलावर बसून यायचा, चार-पाच वर्षांतून एकदा. दारात उतरला, की आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा. नवं पोर जन्मलं असलं तर वहीत लिहून घ्यायचा, पायलीभर ज्वारी घ्यायचा, घराला आशीर्वाद द्यायचा आणि पुढच्या दारी. मी त्या बैलाच्या पायापाशी बसून सगळं पाठ करायची.

पण एक गंमत होती. त्याच्या वहीत बाया नव्हत्या! बाप, बापाचा बाप, त्याचा बाप — आणि ह्या सगळ्यांना जन्म कुणी दिला? मी एकदा विचारलं, "आन् माझं नाव कुठाय?" तर हसला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी गूळ खाल्ला आणि तिथंच ठरवलं — बायकांची वही मी. कुठली लेक कुठं दिली, कुठली सून कुठून आणली, कुणाला किती लेकरं, ते मी ध्यानात ठेवायला लागले. म्हणजे बघ हं — आमच्या घरातल्या बायकांचं जे काही आहे ते माझ्या तोंडात. मी बोलले नाही, तर ते कुठंच नाही.

हे लक्षात ठेव. लागणार आहे.

आता माझा भाऊ म्हाकू. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मीच कडेवर वागवलेला. त्याची बायको पारू. पारू आमच्या घरात आली तीच हसत. मी दर पंचमीला माहेरी यायची, तर मला हातात काही धरू द्यायची नाही. "वन्सं, तुमी म्हायेराला आलाय न्हवं? मग पाय पसरून बसा. मी हाय की." आणि मी बसायची. पाय पसरून. झोपाळ्यावर, झिम्म्यात, जेवणात — माहेरवाशीण! पारूचं स्वतःचं माहेर जतकडच्या एका वाडीवर. मी पंचमी करून परत निघाले, की दुसऱ्या दिवशी ती निघायची. आठ दिवस राहून यायची, आणि येताना बापाच्या सतरा गोष्टी घेऊन यायची.

त्यांचा पोरगा बिरू. हुशार गं. नव्वद साल नुकतं लागलं होतं, तेव्हा त्याला सांगलीला शिकायला ठेवला — विश्रामबागेत एक खोली, दोन पोरांत मिळून. दुसऱ्या वर्षी त्याची झोप गेली. मग शेजारच्या रेडिओवरची बातम्या देणारी बाई त्याच्याशी बोलायला लागली. मग त्यानं आपले सगळे कपडे रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटून टाकले आणि आटपाडीला चालत निघाला. तासगावच्या अलीकडं ओळखीच्या ट्रकवाल्यानं ओळखला, म्हणून घरी पोचला. वाईट दिवस होते. पण ते मी जास्त सांगत बसत नाही, कारण बिरूलाच ते आवडत नाही. विश्रामबागेतल्याच एका मनाच्या डॉक्टरांची औषधं लागू पडली. दोन वर्षं गेली त्यात, पण पोरगा उभा राहिला. आता आटपाडीत त्याची पिठाची गिरणी आहे. मला म्हणतो, "आत्या, गिरण सुरू केली की समदे गप बसत्यात. बाहेरचे बी, आन् आतले बी." आणि स्वतःच खदखदून हसतो. गोळ्या चालू, गिरणी चालू, बापाशी भांडणंही चालू. सगळं रीतसर.

तर — त्या विश्रामबागेतल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पहिलं पाप केलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? म्हाकूनं माझ्याकडं बघितलं. साहजिकच आहे ना? घराची वही मी. मी म्हणाले, "आमच्यात असलं कवा न्हवतं."

चार शब्द. डबा हातात घेऊन पारू तिथंच उभी होती. आमच्यात नव्हतं, तर मग कुणाच्यात? मी बोलले नाही तसं. बोलायची गरज होती का? ते चार शब्द कुणाच्या अंगावर पडणार, हे मला तोंड उघडायच्या आधी ठाऊक होतं.

मेंढरांत आम्ही असं कधी करत नाही, बघ. कोकरू वेगळं निघालं, की आधी मेंढा बघतो — कुठून आणला, त्याची आई कशी होती. पांढऱ्याशुभ्र कळपात काळं कोकरू का आलं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल: दोन्हीकडचं असतं, दोन-दोन पिढ्या दबून बसतं. आणि माणसांत? माणसांत आम्ही सून बघतो.

पारू त्याच महिन्यात माहेरी गेली आणि बापाला विचारलं, आपल्यात कोण येडं होतं? नागूतात्या म्हणजे तिचा बाप — साधा माणूस. देवाचा भंडारा उचलून शपथेवर म्हणाला, कुणी नव्हतं. पण तिच्या मनात बसलं होतं, की लेक खपवायची म्हणून बापानं लपवलं. त्यात तिचा एक चुलता होता, सतबा. लग्न केलं नाही, मेंढरांबरोबर एकटा फिरायचा आणि मेंढरांना बसवून ओव्या ऐकवायचा. हा असला चुलता असताना बाप नाही म्हणतो? ती उठून आली. त्या वर्षापासून पारू पंचमीला माहेरी गेली नाही. मी मात्र येत होते. माझ्या माहेरी. तिच्या हातचं खायला.

तू म्हणशील, आक्का, तुम्हाला तरी काय वेगळं माहीत होतं? थांब की जरा. किती घाई.

मग दोनेक वर्षांनी डॉक्टरीणबाई आली. केतकी तिचं नाव, पुण्याची. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनीच तिला आमचं घर सांगितलेलं. ती घराघरांतून फिरून असला आजार असलेल्या घरांच्या वंशावळी काढत होती, आणि सगळ्यांचं थोडंथोडं रक्त घेत होती. का? तर माणसाच्या शरीरात बारीक बारीक जनुकं असतात म्हणे, आईबापांकडून येणारी — नाक, रंग, उंची, सगळं त्यांच्यावर. त्यांतल्या एका जनुकावर शिकलेल्या लोकांचा संशय होता, की ह्या आजारात त्याचा हात असावा. मी विचारलं, "मग धरा की त्याला!" ती हसली. म्हणाली, "आक्का, नुसता संशय आहे. कदाचित त्याचा काही संबंधही नसेल. आणि असला तरी ते एकटं काही करत नसणार, त्याला साथीदार असतील. आणि जनुक असूनही कित्येकांना काही होत नाही." मी तिला मेंढ्यांचं सांगितलं. तिनं वही काढून लिहूनच घेतलं! मला काय चढलं म्हणतेस!

लिंबाखाली घोंगडी अंथरली. तिनं मोठा थोरला कागद पसरला, आणि मी सुरू केलं. सात पिढ्या. हेळव्याचे बाप आणि माझ्या बाया, सगळ्या. ती लिहितेय, मी सांगतेय, शेजारपाजारच्या बाया तोंडात पदर धरून ऐकतायत. कागदावर पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. म्हाकू वाकून म्हणाला, "आमी चौकोनी व्हय? मग कोपरं टोचत असतील की बायकूला."

"टोचत्यात की," पारू म्हणाली. "बावीस वर्सं टोचत्यात. कुनी कागदावर घेतलं न्हवतं, एवढंच."

हसलो सगळे. रक्त घ्यायची वेळ आली, तर हजार मेंढरं कातरलेला आमचा म्हाकू स्वतःचं रक्त बघून आडवा! बिरू त्याच्या तोंडावर पाणी मारतोय आणि म्हणतोय, "बाबा, आजारी मी हाय. तुमी उठा." एवढी मजा त्या दिवशी आली. आणि त्या मजेतच मी ते केलं.

ज्याला आजार झाला, त्याचा चौकोन किंवा गोल आतून काळा करायचा, अशी तिची रीत होती. बिरूचा चौकोन काळा झाला. एवढ्या मोठ्या कागदावर तेवढा एकच. ती पेन्सिल धरून विचारत गेली — हे? ह्या? ह्यांना काही? मी नाही, नाही, नाही म्हणत गेले. मग पारूच्या बाजूचे चौकोन आले, आणि मी — तिनं विचारलंही नव्हतं गं — मीच म्हणाले, "हिच्या चुलत्याचं बघा की. सतबाचं." पारू खाली बघून घोंगडीची दशी ओढत बसली. केतकी म्हणाली, ऐकीव नको, मी त्यांना स्वतः जाऊन भेटेन. तोवर तिनं पेन्सिलीनं पुसट काळं करून ठेवलं.

शेवटी माझा गोल आला. "आणि आक्का, तुम्हाला कधी?"

"मला?" मी म्हणाले. "मला काय धाड भरलीया?"

सगळे हसले. पारूसुद्धा. केतकी पण हसली आणि पुढं गेली. माझा गोल पांढरा राहिला.

आता सांगते.

मी सोळा वर्षांची होते. दिवाळी झाली, की आमची मेंढरं चाऱ्यासाठी पश्चिमेला निघायची, कराडच्याही पलीकडं. त्या वर्षी मीही बरोबर होते. वाटेत माझी झोप उडाली. आठ दिवस, एक डोळा नाही. मला वाटायचं कृष्णा माझ्याशी बोलतेय, आणि तिला फक्त माझंच ऐकू येतंय. हातातल्या सगळ्या बांगड्या तिला देऊन टाकल्या, एकेक करून, मोजत. गात होते, नाचत होते, मेंढरांना नावानं हाका मारत होते. आणि तुला खरं सांगू का? त्या आठ दिवसांसारखं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. हेही कुणाला सांगितलेलं नाही. मग एका सकाळी सगळं विझलं. जेवेना, बोलेना, उठेना. आधी देवाला घातलं, मग आबांनी मला पाठीवर घेऊन एका दवाखान्यात नेलं. दोन महिने ठेवलं तिथं. गावात आईनं सांगितलं, पोरगी मेंढरांबरोबर खाली गेलीय. त्यात खोटं तरी काय होतं? उन्हाळ्याच्या तोंडाला कळप परत फिरला, आणि त्याच्याबरोबर मीही आले, बरी होऊन. आईनं माझ्या तळव्यावर भंडारा ठेवला आणि म्हणाली, मरेस्तोवर बोलायचं नाही. पुढच्या वर्षी कोरेगावला लग्न. म्हाकू तेव्हा सहा वर्षांचा. त्याला काय कळणार? आईआबा गेल्यावर हे जाणणारी जगात एकटी मीच उरले.

बिरू झोपत नाही, एवढं ऐकलं ना, तेव्हाच मला कळलं होतं. डॉक्टरांच्या आधी. कपडे वाटले म्हणाले, तेव्हा मला माझ्या बांगड्या दिसल्या.

आणि तरी व्हरांड्यात उभी राहून — आमच्यात असलं कवा न्हवतं. शपथेचं म्हणशील, तर आई जाऊन वीस वर्षं झाली होती. लेकींच्या लग्नांचं म्हणशील, तर त्या आपापल्या संसारात होत्या. मला कोण हाकलणार होतं त्या वयात? माझं काही म्हणजे काही जाणार नव्हतं. फक्त हिराक्का जाणार होती — ती सोयरिकी जुळवणारी, कुणाच्या घरात काय खोट आहे ते सांगणारी.

त्या दिवशी केतकी निघताना मी तिला हळूच विचारलं, "बाई, रगत बोलतं का गं?" माझी बाटली तिच्या पेटीत होती ना! ती म्हणाली, "एकटं नाही बोलत, आक्का. हा कागद खरा असला, तरच रक्ताचा अर्थ लागतो. काळं कोण आणि पांढरं कोण हे चुकलं, तर आम्ही भलत्याच ठिकाणी शोधत बसतो." मी तिला आणखी एक कप चहा दिला.

अजून संपलं नाही. खरं म्हणजे इथवर आलेच मी कशीबशी. ह्याच्या पुढचं जड आहे.

दोन महिन्यांनी कोरेगावला पत्र आलं. घरात वाचता येणारी आणि रिकामी बाई मी, म्हणून पत्र माझ्या नावानं घाल असं मीच तिला सांगितलेलं. केतकीनं लिहिलं होतं, की ती जतकडं जाऊन आली. सतबांना भेटली. त्यांना कसलाही आजार नाही, कधी नव्हता. उलट त्यांनी तिला दोन तास ओव्या ऐकवल्या आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांचा चौकोन तिनं खोडरबरानं स्वच्छ केला. पारूताईंच्या माहेरी असं काही आढळलं नाही. आणि आढळलं असतं तरी तो कुणाचा दोष नसता. शेवटी लिहिलं होतं: "हे पारूताईंना आवर्जून वाचून दाखवा. त्या दिवशी त्या फार गप्प झाल्या होत्या."

त्या पोरीला एका दिवसात दिसलं, बघ.

मी पत्र वाचलं. दुकानात, घोंगड्यांच्या थप्पीला टेकून. पुन्हा वाचलं. आणि जी घोंगडी मी विकणार नव्हते, तिच्या घडीत सारून ठेवलं. आज नको, पुढच्या खेपेला सांगू. मग पुढच्या. व्हरांड्यातलं एका क्षणात निसटलं म्हणता येईल, लिंबाखालचं हसण्यात गेलं म्हणता येईल. पत्राचं काय म्हणू? ते मी रोज सकाळी नव्यानं लपवत होते. चार वर्षं. चार पंचम्या आले मी आटपाडीला, पाय पसरून बसले, पारूच्या हातची पुरणाची दिंडं तूप ओतून खाल्ली. तिसऱ्या वर्षी तर पत्र पिशवीत घालून आणलं. आणलं, आणि परत नेलं. मग ते पिशवीतच राहिलं.

यंदाची पंचमी. मी ओसरीवर बसलेली. पारू आत, त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून दिंडं उकडायला लावलेली. आणि फाटकातून नागूतात्या आत आला. किती म्हातारा झाला होता गं! काठी, जाड भिंगांचा चष्मा, काखेत पिशवी. पिशवीत लेकीसाठी चोळीचा खण आणि हिरव्या बांगड्या. लेक येत नाही, तर बापच पंचमी घेऊन आला. पारूनं चहा आणून ठेवला, पाया पडली, आणि पिशवीकडं न बघता आत गेली.

तात्या माझ्याशेजारी टेकला. चहा तसाच. मग हळूच म्हणाला, "आक्का, तुमास्नी समद्यांच्या पिढ्या पाठ हायत. मी लय इचार केला. आमच्यात कोन तरी असनारच. त्याबिगार माजी पोरगी आशी वागायची न्हाई. म्हातारा झालो, मीच इसरलो आसंन. तुमी जरा आठवून सांगा की, कोन हुतं आमच्यात?"

ऐकलंस? त्या माणसाच्या घरात कुणी नव्हतं. आणि माझ्या चार शब्दांनी तो स्वतःच्या घरात वेडा माणूस शोधत फिरत होता. आणि विचारायला आला कुणाला, तर मला!

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. पारू चुलीपुढं होती. मी उभ्या उभ्या म्हणाले, "पारू, तुझ्या म्हायेरात कुनी न्हवतं. आमच्यात हुतं. ती मीच. आन् त्या डॉक्टरीणबाईचं पत्र चार वर्सं माझ्यापाशी हाय."

मला वाटलं भांडी फेकेल. फेकायला हवी होती. तिनं हात पुसले. बोट-बोट पुसलं. म्हणाली, "कुठाय?"

गिरणीतून बिरूला बोलावलं. पिठानं पांढरा झालेला बिरू ओसरीवर उभा राहून मोठ्यानं वाचतोय, तात्या कानामागं हात धरून ऐकतोय, पारू दाराच्या चौकटीला धरून. पत्र संपल्यावर मी राहिलेलं सांगितलं — सोळाव्या वर्षाचं, दवाखान्याचं. म्हाकू तोंड उघडं टाकून बसला. बिरूनं माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी आत्या, मी तुमच्यावर गेलोय व्हय? मला वाटलं हुतं, नाक तेवढंच."

कुणी हसेना. मग एकदम तात्याच हसला. "आन् सतबाचं नाव घेतलं तुमी? आवं, त्याला कशाचं येड लागतंय! त्यो दुसऱ्यास्नी लावतोय!" आणि पारू हसली — बापाकडं बघून, तशीच, पहिल्यासारखी. हसता हसता तिची नजर माझ्यावर आली, आणि हसू थांबलं.

अर्ध्या तासात ती बाहेर आली. हातात हिरव्या बांगड्या, खांद्याला कापडाची पिशवी. बापाची काठी तिनं स्वतः घेतली आणि त्याचा हात धरला. मला म्हणाली, "वन्सं, दिंडं उतरवा. बिरूच्या गोळ्या फडताळात हायत, सांजच्याला जेवल्यावर. म्हशीला पेंड कमी घाला, लय खाती."

मी विचारलं, "परत कवा येशील गं?"

"म्हायेराला चाललीया," ती म्हणाली. "म्हायेराला जानाऱ्या बाईला कोन इचारतं का, कवा येशील?"

आणि एस.टी.ला गेली.

आज बारा दिवस झाले. मी इथंच आहे, आटपाडीत, भावाच्या घरी सून होऊन! साठीला. चूल माझी, म्हैस माझी, फडताळातल्या गोळ्या माझ्या. पारूच्या हाताचं वळण काय ते आत्ता कळतंय. म्हाकू रोज ताटात बघून विचारतो, "आक्का, ही भाकरी हाय का तालुक्याचा नकाशा?" तो रागावला नाही माझ्यावर, त्याला अजून पुरतं कळलं नसावं. म्हैस मात्र रागावली आहे. मला लाथ मारायला बघते. पाय पसरून बसायला इथं आता मला जागाच नाही, आणि गंमत अशी, की बरं वाटतंय.

केतकीला पत्र लिहिलं. कागदावर माझा गोल स्वतः काढला — भाकरीसारखाच वाकडा आला — आणि बिरूच्या पेनानं आत शाई भरली, एवढीशीही पांढरी जागा न ठेवता. खाली लिहिलं: हा माझा, वय सोळा. तिच्या त्या जनुकाचं त्यानं काय होईल ते होवो. बिरू म्हणाला, "आत्या, आता कागदावर आपुन दोघं. एकटं एकटं वाटत हुतं मला तितं." तो गिरणीकडं गेला, आणि मी बराच वेळ भाकरीचं पीठ तसंच मळत बसले.

पारूचा निरोप नाही. मी विचारलेला नाही. माफ कर, असं तिला म्हणाले नाही, आणि तुलाही म्हणत नाही. तिच्या सात पंचम्या गेल्या, त्या मी नेल्या. हे असं आहे, एवढंच.

बस, झालं. हे आता कागदावरचं बसणं झालं. एकदा खरीखुरी ये. आटपाडीत उतरलीस, की गिरणीच्या आवाजाच्या रोखानं चालत राहा. तिच्या मागंच घर. पारू परत आली असली, तर तिच्या हातची भाकरी खा. नसली आली, तर माझ्या हातची खावी लागेल, आणि नाव ठेवलेलं चालणार नाही. लिंबाखाली घोंगडी अंथरून ठेवते. ये गं. लवकर ये.